माठ टिचकी मारून घेता, मग होम थिएटर न ऐकताच का?

वॅट, चांदण्या आणि 'आजची ऑफर' बघून होणाऱ्या खरेदीत कान कुठे हरवला? स्पीकर आणि रिसीव्हरची जोडी नेमकी कशी जमवायची? समजून घ्या सोप्या भाषेत

आठवडी बाजारात माठ घ्यायला आलेली बाई आधी त्याचा रंग बघत नाही. माठ उचलते, टिचकी मारते, कान देते. खणखणीत वाजला तर भाजणी नीट झाली आहे, भद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. बैल घेणारा दात बघतो आणि चार पावलं चालवूनही बघतो. भजनी मंडळ तबला घ्यायला गेलं तर चाटीवर आणि शाईवर थाप मारल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही.

आणि त्याच पोंभुर्ण्यात धानाचे पैसे खात्यात जमा झाल्यावर घरात होम थिएटर येतं, ते मात्र न ऐकता. मोबाइलवर फोटो, फोटोखाली वॅट, वॅटखाली चांदण्या आणि पिवळं बटण. चार दिवसांनी खोकं घरी येतं. पहिले दोन दिवस खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि सगळे खूश असतात. आठवडाभरानंतर घरातली म्हातारी माणसं म्हणू लागतात, 'आवाज मोठा आहे रे, पण बोलतात काय ते समजत नाही.' मग रिमोटवरून आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. थोड्या दिवसांत वायरी गुंडाळल्या जातात आणि टीव्ही परत स्वतःच्या पातळ आवाजात बोलू लागतो.

दोष घेणाऱ्याचा आहे का? काही अंशी आहे. पण मोठा दोष आहे तो न ऐकता विकण्याच्या पद्धतीचा. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला कान नाही, त्याला फक्त 'धडधड' हवी, असं गृहीत धरून माल पुढे ढकलला जातो. हे गृहीतक चुकीचं आहे.

झाडीपट्टीचा कान

दिवाळीनंतर धान निघालं की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या गावांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं मुख्य केंद्र. मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक ठरलेलं. मंडपात शेकडो माणसं पहाटेपर्यंत बसतात. गाणी तिथल्या तिथे गायली जातात, ऑर्गन आणि तबला समोर वाजतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतल्या अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

या मंडपातल्या प्रेक्षकाकडे आवाजाबद्दल स्वतःची भाषा आहे. भोंगा 'फाटतो'. हॉल 'घुमतो'. माइक 'टोचतो'. गायकाचा आवाज 'बसका' येतो किंवा 'भरदार' लागतो. साउंडवाल्याला मागच्या रांगेतून ओरडून सांगितलं जातं, 'बारीक कर, फाटून राहिला.' इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याच गोष्टींना वेगळी नावं आहेत. अॅम्प्लिफायरची ताकद संपली आणि लाटेचा माथा छाटला गेला की त्याला क्लिपिंग म्हणतात, ते म्हणजे फाटणं. खोलीच्या लांबी-रुंदीमुळे एखादी खालची पट्टी फुगते तो अनुनाद, ते घुमणं. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो, तिथे स्पीकर गरजेपेक्षा जास्त बोलला की टोचतं.

म्हणजे शब्द आहेत, कानही आहे. फक्त दुकानात किंवा मोबाइलवर गेल्यावर माणूस तो कान बाजूला ठेवतो आणि आकड्यांपुढे मान तुकवतो.

मोठमोठे इंजिनिअरही फसलेत

आकड्यांवर विसंबून फसलेला सगळ्यात प्रसिद्ध ग्राहक म्हणजे अमर बोस. १९५६ च्या सुमारास एमआयटीत शिकत असताना त्यांनी तांत्रिक माहिती वाचून, त्या काळात कागदावर उत्तम दिसणारी स्टिरिओ यंत्रणा विकत घेतली. घरी आणून लावली तर प्रत्यक्ष वाद्यांच्या जवळपासही आवाज जाईना. त्या निराशेतून संशोधन सुरू झालं आणि १९६४ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली. त्या कंपनीचे स्पीकर आवडावेत की नाही हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न. पण एमआयटीच्या माणसाला कागदाने फसवलं, तर खोक्यावरचा आकडा वाचून आपणही फसलो यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

'पाच हजार वॅट' म्हणजे नेमकं काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. खोक्यावर पीएमपीओ लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या. तो मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही, ज्याला जे वाटेल ते छापता येतं. आरएमएस लिहिलं असेल तरी खालचं बारीक वाचा. एकच चॅनेल चालवून, एक किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, दहा टक्के विकृती धरून मोजलेले शंभर वॅट आणि २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, दोन चॅनेल चालू ठेवून, एक टक्क्यापेक्षा कितीतरी कमी विकृतीत मोजलेले शंभर वॅट हे दोन वेगळे प्राणी आहेत. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज फाटायला लागलेला असतो. अमेरिकेत याच गोंधळामुळे फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये अॅम्प्लिफायरच्या वॅटसाठी नियम करावा लागला होता.

आता जरा हिशेब करू. स्पीकरच्या कागदावर 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो, समजा ८८ डेसिबल. अर्थ असा की एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळेल. दहा फुटांवरच्या सोफ्यावर तो साधारण ८० च्या आसपास उरतो. दोन माणसांचं समोरासमोरचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे एका वॅटमध्येच टीव्ही चांगला मोठा वाजतो! संध्याकाळची बातमी, मालिका, भजन हे सगळं एक-दोन वॅटच्या आत उरकतं. स्फोट, ढोल, क्लायमॅक्स अशा क्षणांना मात्र अचानक २० डेसिबल जास्त लागतात, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. चांगला रिसीव्हर त्या क्षणासाठी हवा.

दुसरी गोष्ट, वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. पन्नास आणि शंभर वॅटमधला फरक एवढाच. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ८८ ऐवजी ९१ डेसिबलचा स्पीकर घेतला तर रिसीव्हरची ताकद फुकटात दुप्पट झाल्यासारखं आहे. दुकानदार वॅट ओरडून सांगतो, सेन्सिटिव्हिटी विचारली की कागद शोधायला लागतो.

जोडी जुळते कशी, बिघडते कुठे?

रिसीव्हर आणि स्पीकर यांची जोडी लावताना आधी बघायचा तो ओहम. स्पीकरवर ८, ६ किंवा ४ ओहम लिहिलेलं असतं. पाण्याच्या पाइपासारखं समजा. ओहम कमी, म्हणजे पाइप रुंद, म्हणजे रिसीव्हरमधून प्रवाह जास्त ओढला जाणार. ६ ते १६ ओहमसाठी बनवलेल्या रिसीव्हरला ४ ओहमचे स्पीकर लावले तर तो आधी तापेल, मग मध्येच बंद पडेल. बंद पडला तर नशीब, कारण त्याने स्वतःला वाचवलं. चंद्रपूरचा मे महिना बाहेर ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसात रिसीव्हर टीव्हीच्या खालच्या बंद कपाटात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवून चालवणं म्हणजे चुलीवर चूल मांडणं आहे. वरून निदान चार बोटं जागा मोकळी ठेवा.

इथे या भागात नेहमी दिसणारा एक जुगाड सांगायला हवा. जुन्या खोक्यातला रिसीव्हर जळतो, स्पीकर उरतात. मग कुणीतरी नवा रिसीव्हर आणून तेच स्पीकर लावतो. खोक्यातल्या तयार संचातले छोटे स्पीकर अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे असतात, त्यांच्याच रिसीव्हरसाठी बनवलेले. नव्याला ते झेपत नाहीत. दुसरा जुगाड उलट दिशेचा. एका चॅनेलवर दोन-दोन स्पीकर समांतर जोडायचे, 'आवाज भरेल' म्हणून. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २. गणेशोत्सवाच्या मोठ्या अॅम्प्लिफायरला हे चालतं, घरच्या रिसीव्हरला नाही.

ओहम जुळला की खरा प्रश्न येतो सुराचा. पडद्यावर मोटारसायकल डावीकडून उजवीकडे जाते. डावा, मधला आणि उजवा स्पीकर एकाच घराण्यातले असतील तर एकच मोटारसायकल जाते. मधला वेगळ्या कंपनीचा असेल तर मध्यावर आल्यावर बुलेटची लुना होते. म्हणून पुढचे तीन एकाच मालिकेतले घ्यावेत. मागचे दोन थोडे वेगळे चालतात, कारण त्यांच्याकडे वारा, पाऊस, गर्दी एवढंच काम असतं. सबवूफर कुणाचाही चालतो, तो सूर ओळखण्याच्या पट्टीच्या खाली बोलतो.

आणि रिसीव्हरचा स्वतःचा 'आवाज'? यावर शौकिनांत रात्र-रात्र वाद होतात. सरळ सांगायचं तर, दोन्ही रिसीव्हर नीट बनवलेले असतील, त्यांच्या ताकदीच्या आत वाजत असतील आणि सगळी प्रोसेसिंग बंद असेल, तर त्यांच्यातला फरक दोन स्पीकरमधल्या फरकापुढे फार छोटा असतो. पैसे मर्यादित असतील तर मोठा वाटा स्पीकरला द्यावा. बाजार नेमकं उलट शिकवतो. रिसीव्हरवर दिवे असतात, लोगो असतात, डॉल्बी अॅटमॉस लिहिलेलं असतं. स्पीकर बिचारा लाकडाचा डबा. डोळ्याने खरेदी होते तिथे दिवेवाला जिंकतो.

पाच स्पीकर हवेतच कशाला?

तुम्ही खरंच काय बघता? मालिका, क्रिकेट, यूट्यूबवरची झाडीपट्टीची नाटकं, कीर्तन, लग्नाचा व्हिडिओ. यातलं बहुतेक सगळं दोन चॅनेलमध्येच येतं. फोनवरून ब्लूटूथने गाणं लावलं तरी दोनच. खऱ्या पाच चॅनेलचा आवाज प्रामुख्याने ओटीटीवरच्या सिनेमांत आणि वेब मालिकांत असतो. म्हणजे मागचे दोन स्पीकर आठवड्यातले बरेच दिवस एक तर गप्प बसतात, नाहीतर पुढचाच आवाज उसना घेऊन वाजतात.

म्हणून थोडं धाडसी मत: ज्या पैशात पाच हलके स्पीकर, एक सबवूफर आणि रिसीव्हर असं सगळं एका खोक्यात मिळतं, त्याच पैशात दोन चांगले स्पीकर आणि एक साधा, प्रामाणिक अॅम्प्लिफायर घ्यावा. दोन चांगले स्पीकर नीट मांडले, दोघांच्या बरोबर समोर बसलं, की संवाद आपोआप मधोमध, पडद्यातून आल्यासारखा ऐकू येतो. तिथे स्पीकर नसतो, मेंदूच तो उभा करतो. सोफ्याच्या एका टोकाला बसणाऱ्याला हे सुख कमी मिळतं, हे खरं. घरात माणसं जास्त असतील आणि म्हाताऱ्यांना संवाद कळणं महत्त्वाचं असेल तर पुढचा खर्च मधल्या स्पीकरवर करा. मागचे त्यानंतर. पुढे वाढवायचा बेत पक्का असेल तर सुरुवातीलाच पाच चॅनेलचा रिसीव्हर घ्यावा आणि आज त्याला दोनच स्पीकर लावावेत. रिसीव्हरच्या मेन्यूत 'सेंटर नाही, सराउंड नाही' असं सांगितलं की तो सगळं दोघांत वाटून देतो. हे सांगायला लोक विसरतात, आणि मग संवाद नसलेल्या स्पीकरकडे जात राहतात.

ऐकायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

पहिली अडचण, ऐकायचं कुठे. पोंभुर्ण्याहून चंद्रपूरला जायचं, नाहीतर थेट नागपूर. एक दिवस मोडतो, बसभाडं जातं. पण ज्या वस्तूबरोबर पुढची दहा वर्षं काढायची तिच्यासाठी एक दिवस फार नाही. लग्नाची साडी घ्यायला नागपूर गाठणारी कुटंबं आहेतच. जाताना पेन ड्राइव्ह आणि फोन दोन्ही न्या, आणि त्यात स्वतःला पाठ असलेल्या गोष्टी. दुकानदाराची डेमो क्लिप ऐकू नका. ती हेलिकॉप्टर आणि काच फुटण्याची असते, आणि काच फुटण्याचा आवाज कुठल्याही स्पीकरवर भारीच वाटतो. काच कशी फुटायला हवी होती हे कुणाला माहीत आहे?

माणसाचा आवाज कसा असतो हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पहिली परीक्षा बोलण्याची. आकाशवाणीच्या निवेदकासारखा स्वच्छ आवाज लावा. पुरुषाचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतोय का? 'स', 'श', 'च' कानात सुईसारखे जातायत का? मग तबला. डग्ग्याची मीड, म्हणजे मनगट घासत खालून वर चढणारा सूर, स्वच्छ चढताना ऐकू येतो की नुसता 'भुम्म' असा एकच आवाज येतो? एकच भुम्म येत असेल तर तो बास नाही, तो डब्याचा आवाज आहे. हार्मोनियमचे दोन सूर एकत्र धरले की वेगळे ऐकू यायला हवेत.

सिनेमातलं हवं असेल तर 'सैराट' घ्या. २०१६ च्या या सिनेमात अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भाग हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला होता. व्हायोलिनांचा अख्खा ताफा आणि खाली मराठी ठेका एकाच वेळी चालतो. हलक्या स्पीकरवर हे सगळं एकमेकांत कालवून आमटी होते. 'तुंबाड'मधला पाऊस हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. पाऊस सतत पडत असताना दबक्या आवाजातलं बोलणं वर येतं का, एवढंच बघा. 'झुंड'मधली नागपुरी बोली आणि गलका, त्यात कोण काय म्हणालं ते कळलं तर जोडी बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि दुकानात सहसा कुणी न पाळणारं. दोन स्पीकरची तुलना करताना दोघांचा आवाज एकसारखा मोठा हवा. माणसाच्या कानाचा एक दोष आहे: थोडासाच मोठा आवाज 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. अर्धा-एक डेसिबलचा फरकही निकाल फिरवतो. शिवाय आवाज लहान असताना कान खालच्या पट्टीला बहिरा होतो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. त्यामुळे मोठा वाजणारा स्पीकर आपोआप भरदार वाटतो. जो स्पीकर खपवायचा असेल तो किंचित मोठा लावायचा, हा जुना डाव आहे. उपाय सोपा आहे. फोनमध्ये डेसिबल मोजणारं फुकटचं अॅप घ्या, रिसीव्हरच्या मेन्यूतला 'सूं' असा चाचणीचा आवाज लावा, बसायच्या जागी फोन धरा आणि दोन्ही स्पीकर एकाच आकड्यावर आणा. फोन खरा आकडा दाखवत नसला तरी हरकत नाही, आपल्याला फक्त दोघांमधला फरक हवा आहे.

मग डोळे मिटा. गंमत नाही. १९९४ मध्ये हरमन कंपनीतले फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एकाच श्रोत्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर दिसत असताना ऐकवले. दिसू लागल्यावर गुण बदलले, मोठ्या आणि महागड्या स्पीकरना वरचे गुण मिळाले. अनुभवी ऐकणारेही याला अपवाद नव्हते. सोबत आलेल्या मित्राला बटण फिरवायला सांगा आणि कुठला वाजतोय हे सांगू नका म्हणावं. जो तीन वेळा ओळखू येईल आणि तीनही वेळा आवडेल तो तुमचा.

घाई करू नका. वीस मिनिटं सलग एकच ऐका. पहिल्या मिनिटाला चकचकीत वाटणारा स्पीकर विसाव्या मिनिटाला नकोसा होतो, आणि 'साधाच आहे' वाटलेला अजून ऐकत बसावंसं वाटतं. दुकानदार चुळबुळ करेल. करू द्या.

दुकानातलं घरी का वाजत नाही?

कारण अर्धा आवाज खोलीचा असतो. दुकानातल्या खोलीत गालिचा, पडदे, खोके रचलेले. घरी स्लॅबचा हॉल, खाली टाइल्स, चारही भिंती गुळगुळीत. हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. 'टर्रर्र' असा शेपूट असलेला आवाज आला तर संवाद अस्पष्ट होणार, स्पीकर कितीही लाखाचा असो. सतरंजी, जाड पडदा, कापडी दिवाण, पुस्तकांची फळी हे त्यावरचे स्वस्त इलाज. जुन्या कवेलूच्या घरात उलट अनुभव येतो. छप्पर तिरकं, फटींचं, भिंती मातीच्या. घुमारा कमी, बोलणं स्वच्छ, पण बास फटींतून बाहेर निघून जातो. टिनाच्या खोलीत पत्राच साथ द्यायला लागतो, तिथे सबवूफर न घेतलेला बरा.

बारा बाय बारा फुटांची चौरस खोली ही सगळ्यात अवघड. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झला लाट अडकून फुगते. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्ही एकाच सुरावर घुमतात. मग प्रत्येक गाण्यात एकच ठरावीक ठोका छाताडावर बसतो. अशा वेळी सबवूफर कोपऱ्यातून हलवा. एक जुनी युक्ती आहे: सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने वाकून फिरा. जिथे बास एकसारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफरची जागा. घरचे हसतील, पण चालतं.

दोन शब्द विजेबद्दल. सबवूफर 'हम्म' करत असेल तर स्पीकरला दोष देण्याआधी घरची अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग आहे पण भिंतीत तिसऱ्या तारेला काहीच जोडलेलं नाही, अशी घरं गावोगाव आहेत. पावसाळ्यात वीज कडाडू लागली की प्लग आणि डिशची तार दोन्ही काढायची. आणि रात्री दहानंतर निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. शेजारच्या भिंतीला बास आधी पोहोचतो.

दुकानदाराचंही ऐका

छोट्या गावातला दुकानदार म्हणेल, पाच जोड्या मांडून ठेवायला भांडवल कुठून आणू? बरोबर आहे. ऐकून जातात आणि मोबाइलवरून मागवतात, हीसुद्धा त्याची खरी तक्रार आहे. ज्याच्याकडे ऐकलं त्याच्याकडून घ्यावं, दोन-चार टक्के जास्त गेले तरी. त्याने खोली लावली, वीज जाळली, वेळ दिला. पण त्यानेही निदान दोन जोड्या वायरी जोडून ठेवाव्यात आणि गिऱ्हाइकाने 'लावून दाखवा' म्हटलं की 'सील तुटेल' म्हणू नये.

ऑनलाइनच घ्यायचं असेल तर परतीची अट आधी वाचा. 'बदलून मिळेल' आणि 'पैसे परत मिळतील' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'आवाज आवडला नाही' हा कायद्याने दोष ठरत नाही. मात्र खोक्यावर खोटी क्षमता छापणं ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. म्हणजे पोंभुर्ण्याच्या माणसाला दिल्ली-मुंबई गाठायची गरज नाही, चंद्रपूर पुरे. त्यासाठी बिल आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवायला हवा.

आणि एक शेवटची, थोडी घरगुती गोष्ट. आजकालच्या बऱ्याच रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. डेनॉन, मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ अशी त्या यंत्रणेची नावं. बसायच्या जागी माइक ठेवला की रिसीव्हर सूं-सूं आवाज काढून खोली मोजतो आणि प्रत्येक स्पीकर त्याप्रमाणे लावतो. अनेक घरांत हा माइक खोक्यातून बाहेरच येत नाही. तो काढा. पंखा बंद, कुकर बंद, पोरं बाहेर, अशा वेळी मोजणी करा. हॉलच्या कोपऱ्यात धानाची पोती रचलेली असतील तर असू द्या, पोती आवाज शोषतात, कोपऱ्यासाठी यापेक्षा चांगली गादी नाही. फक्त धान खरेदी केंद्रावर गेलं आणि कोपरा रिकामा झाला की माइक पुन्हा लावून मोजणी नव्याने करायची.